माठ गार होत नाही तिथे मांजर कसं सांभाळायचं

घाटावरून कोकणात राहायला आलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात एक तक्रार हमखास करतो: माठातलं पाणी गारच होत नाही. माठ तोच, खालची वाळू तीच, वरचं ओलं फडकंही तेच. पण माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं म्हणून. जाताना ते आतली उष्णता घेऊन जातं. इथल्या एप्रिल-मेच्या हवेत आधीच इतकं बाष्प भरलेलं असतं की माठातलं पाणी तिथे मावत नाही.

मांजराचं अंगही या माठासारखंच चालतं. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त चाटण्यावर. लाळ केसांवर पसरायची, ती उडून गेली की अंग निवतं. दमट हवेत लाळ उडत नाही आणि मांजर चाटून चाटून नुसतं चिकट होतं. म्हणून नागपूरच्या पाहुण्याने ‘तेहतीस अंश म्हणजे काय उन्हाळा झाला?’ असं विचारलं तर हसून सोडून द्या. पण त्याच्या गावचे उपाय इथे करू नका. ओल्या पडद्यांनी आणि कूलरने इथे काही साधत नाही. इथे कामाला येतं ते हलतं वारं आणि अंग टेकायला गार जमीन. पुढचं बहुतेक सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधीच घाबरून जाऊ नका. मांजर मुळात ऊबेचा प्राणी. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, आणि ऊन खाणं हा त्याचा छंद. गावठी, सडपातळ, तरुण मांजर उन्हाळा बऱ्यापैकी काढतं. काळजी करायची ती चपट्या नाकाच्या पर्शियनची, लठ्ठ बोक्यांची, दहाच्या पुढच्या म्हाताऱ्यांची, पिल्लांची, गाभण मांजरीची, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांची. तुमचं मांजर यात बसत असेल तर खालचं सगळं दुप्पट मनावर घ्या.

१. दोन दिवस नुसतं बघा

काहीही विकत आणण्याआधी दुपारी एक ते चार मांजर कुठे कुठे पडतं ते बघून ठेवा. घरातली सगळ्यात गार फरशी कोणती, हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं.

आमच्या गुहागरच्या घरात मनी सकाळी ओटीवर असते. अकरा वाजले की मागच्या पडवीत जाते. जेवणाच्या वेळेला उठून न्हाणीघरात, आणि तिथे मोरीच्या कडेला चार बोटं जागा आहे तिथेच, पोट पूर्ण जमिनीला चिकटवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून. पहिल्या वर्षी मला वाटलं हिला काहीतरी झालंय. उचलून खोलीत आणली आणि पुण्याहून मोठ्या हौसेने आणलेला कूलर तिच्यासमोर लावला. खिडक्या बंद. अर्ध्या तासात भिंतींना ओल आली, उशा दमट झाल्या आणि मनी दार ओरबाडायला लागली. शेजारच्या काकू आमसुलांचं सूप हातात घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “अगो, बंद कर तो आधी. या हवेत माझी आमसुलं वाळत नाहीत, तुझं मांजर काय निवणार!” दार उघडलं तशी मनी सरळ मोरीपाशी.

मांजराने निवडलेली जागा मोकळी ठेवायची, एवढंच या पायरीचं काम. सतरंजी, पायपुसणी, गोधडी तिथून उचला. शेणाने सारवलेली जमीन, कोबा, शहाबादी, साधी टाइल, काहीही चालतं. वर कापड नको. दोन मांजरं असतील तर गार जागाही दोन हव्यात, नाहीतर दुबळं मांजर दिवसभर बाहेर राहतं.

छपराकडेही बघा. कौलारू घरात उष्णता वर चढते आणि कौलांच्या फटींतून बरीचशी निघून जाते, पण मध्ये पोटमाळा असेल तर दुपारी त्याची भट्टी होते. नेमकी तीच जागा विणीला आलेल्या मांजरींना आवडते, कारण तिथे कोणी येत नाही. मांजर गाभण असेल तर मार्चमध्येच खाली अंधाऱ्या कोपऱ्यात एक खोकं तयार ठेवा आणि माळ्याची वाट बंद करा. बंद करण्याआधी बॅटरी घेऊन वर कोणी आधीच बसलेलं नाही ना, ते बघा. स्लॅबच्या घरात गोष्ट उलटी: स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत खाली ओकत राहतो. तिथे दुपारपेक्षा संध्याकाळ वाईट. वरच्या मजल्यावरच्या मांजराला संध्याकाळी खाली येता आलं पाहिजे. पत्र्याच्या खोलीत दुपारी मांजर कोंडायचंच नाही.

२. वाऱ्याची वाट

किनाऱ्यावर दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे सुटतात, रात्री जमिनीवरून मतलई. खिडक्या त्यांच्या वेळेने उघडाव्यात. पहाटे सगळं उघडं. ऊन आत यायला लागलं की पूर्वेच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. खारं वारं सुटलं की समुद्राकडची खिडकी आणि तिच्या समोरचं दार, दोन्ही उघडी. वाऱ्याला आत यायला जागा दिलीत आणि बाहेर जायला दिली नाहीत तर तो येत नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीला स्क्रूने बसवलेली जाळी हवी. चिकटपट्टीवरची मच्छरजाळी मांजराच्या वजनाला टिकत नाही.

पंख्याबद्दल एक गैरसमज आहे. आपल्याला घाम येतो म्हणून पंखा गार वाटतो. मांजराला घाम नाही, त्यामुळे छताचा पंखा त्याला आपल्याइतका उपयोगी नाही. पण चाटलेल्या केसांत अडकलेली दमट हवा तो हलवतो, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. टेबल फॅन असेल तर तो जमिनीवर ठेवा, जाळी बारीक असलेला, वारा मांजराच्या अंगावरून सरकत जाईल असा. तोंडावर रोखू नका, मांजर उठून जातं.

याला जोड म्हणून हात ओला करून डोक्यावरून, कानांवरून, पाठीवरून दोन-तीनदा फिरवा आणि मांजर वाऱ्यात बसू द्या. पंखा चालू असेल तरच हे करायचं. बंद खोलीत ओलं केलेलं मांजर म्हणजे आपण घामेजून बसतो तसं. आंघोळ घालून त्याला गार करण्याच्या फंदात तर पडूच नका. झटापटीत ते जास्त तापतं.

दमटपणाला न जुमानणारा एक उपाय मात्र आहे. लिटरभराच्या बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवा (काठोकाठ भरू नका, फुटते), जुन्या पंचात गुंडाळा आणि मांजराच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवा. अंगावर लादू नका. हवं तेव्हा ते टेकून बसतं. दोन बाटल्या केल्या तर एक गोठते तोवर दुसरी वापरता येते. एसी असेल तर २६-२७ वर पुरे, आणि दार बोटभर उघडं, म्हणजे मांजराला नको झालं की ते बाहेर जाऊ शकेल.

३. पाणी

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातून जाणारं धरून. मांजराची तहान मुळात कमी. त्याचे पूर्वज कोरड्या मुलखातले, शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवणारे. समोर वाटी असूनही ते पीत नाही याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं. त्यामुळे ते जिथे जिथे जातं तिथे तिथे पाणी ठेवावं लागतं.

तीन-चार ठिकाणी भांडी ठेवा. खाण्याच्या शेजारी नको, त्याच्या शी-शूच्या (लिटरच्या) ट्रेजवळ तर मुळीच नको. भांडं पसरट हवं; पेल्यात मिशा घासतात, ते त्याला आवडत नाही. मातीची परळ उत्तम, स्टील किंवा काचही चालेल. रोज घासा, नुसतं वरून भरू नका. बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर मांजराने पाणी का सोडलं ते तुम्हाला कळेल.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. तुम्ही ते पिणार नसाल तर मांजरालाही नको. पिण्याच्या हंड्यातलं द्या. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, ढाळ लागले की उलट पाणी कमी होतं. ताकात मीठ, सोलकढीत लसूण आणि मिरची, म्हणून दोन्ही बाद. शहाळं एखाद्या चमच्याने चाटलं तर बिघडत नाही, पण पाण्याच्या जागी ते नको.

अंगात पाणी कमी पडलंय का, हे घरी बघता येतं. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली किंवा सावकाश बसली तर डॉक्टरला फोन. हिरड्यांना बोट लावा. ओल्या, गुलाबी हव्यात, चिकट नकोत.

बोका पाळलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधत बसू नका. मार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात एका दिवसात जीव जाऊ शकतो. त्याच वेळी निघा.

४. खाणं

उन्हाळ्यात मांजर थोडं कमी खातं. पण पूर्ण एक दिवस काहीच पोटात गेलं नाही तर वाट बघू नका. उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढते, लठ्ठ असेल तर फार लवकर. खायच्या वेळा पहाटे आणि रात्री आठनंतर ठेवा, दुपारी थोडंच. ओलं खाणं, मग ते पाऊच असो की घरचा मासा, तासाभरात उचलून टाका. बांगडा आणि तारली तर इथल्या उकाड्यात बघता बघता उतरतात. मुंग्या चढू नयेत म्हणून वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवायची ही जुनी युक्ती अजूनही सगळ्यात भारी.

माशाची डोकी बिनमिठाची, बिनकांद्याची, बिनलसणाची, नुसत्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, काटे गाळून टाका, निववून ते पाणी वाटीत द्या. पाणी न पिणारं मांजर हे चाटूनपुसून पितं. मासा शिजवूनच द्यावा. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो.

मे महिना म्हणजे आगोटीची, पावसाळ्याआधीची खरेदी. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून घरोघर सुकट, बोंबील, खारे बांगडे भरले जातात आणि त्याआधी पुन्हा एकदा अंगणात वाळवले जातात. मांजराला याहून मोठा सण नाही. पण खाऱ्या सुक्या माशात मीठ भरपूर, आणि राखण करत ते भर उन्हात तापलेल्या जमिनीवर तासन्‌तास बसून राहतं. वाळवण घालाल त्या दिवशी मांजर आत ठेवा. तुमची सुकट वाचेल हा वरचा फायदा.

५. अंगणात आणि परसात

उन्हाळ्यातले बरेच अपघात उकाड्याने होत नाहीत, मांजर गारवा शोधत जातं तिथे होतात. पाण्याची टंचाई आली की प्रत्येक घरामागे निळं प्लास्टिकचं पिंप येतं. दोन वर्षांपूर्वी सकाळी भांडी घासायला गेले तर पिंपातून खरवडल्यासारखा आवाज. अर्ध्या पिंपात आमचं तीन महिन्यांचं पिल्लू, नाक तेवढं वर, पंजे गुळगुळीत प्लास्टिकवरून सटकत होते. झाकण आदल्या रात्री मीच काढून ठेवलं होतं, पाणी भरताना. पिल्लू वाचलं. तेव्हापासून झाकणावर जांभ्या दगडाचा चिरा असतो आणि उघड्या टाकीत उभी फळी. विहिरीला कठडा नसेल तर निदान जाळी टाका. पाणी खाली गेलं की बेडकांमागे मांजर वाकून बघतं.

मांजराला दुपारी ज्या जागा आवडतात, त्याच सापालाही आवडतात. न्हाणीघराचा कोपरा, माठाची तिवई, लाकडांचा ढीग, जांभ्याच्या गडग्यातल्या फटी. आपल्याकडे फुरसं आहे, नाग आहे, घोणस आणि मण्यारही आहे. न्हाणीच्या पाणी जायच्या भोकाला जाळी बसवा, लाकडं भिंतीपासून दूर रचा. मांजराचा पंजा किंवा तोंड अचानक सुजलं, लाळ गळायला लागली, चाल डगमगली, तर काही बांधू नका, कापू नका, उचलून थेट डॉक्टरकडे. दिवेलागणीला मांजर घरात घ्यायची सवय लावा. खाण्याची वेळ तीच ठेवली की ते आपसूक येतं. बिबट्याचा वावर असलेल्या वाड्यांत हे कोणी वेगळं सांगायला लागत नाही.

कातळ, सिमेंटचं खळं, गच्ची: हाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल तर मांजराचे पंजेही तिथे नकोत. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर एक थाप मारा, आणि चाकांमागे वाकून बघा. सावलीसाठी ते तिथेच असतं.

६. केस, गोचिडी, औषधं

केस भादरू नका. फर ऊन आत येऊ देत नाही, ती काढली तर कातडी भाजते. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरा, गुंते झाले की वारं आत शिरत नाही. पांढऱ्या कानांची मांजरं दुपारी उन्हात नकोत, त्यांना कानाच्या टोकाला वर्षानुवर्षं ऊन लागून कर्करोग होऊ शकतो.

पिसवा-गोचिडींसाठी कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारतं. तापासाठी क्रोसिन किंवा दुसरी कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी, अर्धी काय पाव सुद्धा नाही. आणि ज्या गार फरशीवर ते पोट टेकून झोपतं ती फिनेलने पुसू नका, कारण नंतर ते तेच पोट चाटतं.

७. वाईट दिवस ओळखा

कोकणातला सगळ्यात तापदायक दिवस दर वेळी मेमध्येच येतो असं नाही. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये कधी कधी जमिनीकडून पूर्वेचं गरम वारं जोर धरतं, समुद्राचं वारं दुपार उलटेपर्यंत सुटत नाही आणि पारा एकदम चढतो. किनाऱ्यावर ३७ अंश गाठले आणि तापमान नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असलं, की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. आतल्या सपाट मुलखासाठी हाच आकडा ४० आहे. लाटेचा इशारा आला की त्या दिवशी मांजर घरातच, बाटल्या गोठवलेल्या, आणि कोणीतरी घरी थांबलेलं.

दुसरा वाईट दिवस म्हणजे वीज नसलेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर कित्येक गावांनी दिवसेंदिवस अंधारात काढले, पुढच्या मेमध्ये तौक्ते. वळवाच्या पावसातही तारा तुटतात. म्हणून इन्व्हर्टरवर निदान एक पंखा असू द्या, नसेल तर चार्जिंगचा छोटा पंखा. विहिरीचं पाणी बादलीत घेऊन ती फरशी पुसा जिथे मांजर झोपतं, कोरडी करा, आणि दारं उघडी टाका.

मुंबईहून मांजर घेऊन सुट्टीला येणाऱ्या चाकरमान्यांना एवढंच: रात्री निघा, कॅरिअर काचेतून येणाऱ्या उन्हात ठेवू नका, आणि चहाला थांबलात तर एकाने गाडीत एसी लावून बसायचं. बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते. गावी पोचल्यावर आठवडाभर एकाच खोलीत ठेवा, नाहीतर ते परत मुंबईला निघतं.

८. उष्माघात झालाच तर

कुत्रं धापा टाकतं ते रोजचं. मांजराने तोंड उघडून धापा टाकल्या तर ते रोजचं नाही. खेळून दमलं असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत थांबतं. थांबलं नाही, लाळ गळायला लागली, हिरड्या लालभडक किंवा एकदम फिक्या दिसल्या, उलटी झाली, चालताना झोकांड्या गेल्या, तर उष्माघात धरून चाला.

आधी सावलीत, पंख्याखाली गार फरशीवर घ्या. नळाचं साधं पाणी पोटावर, काखांत, जांघांत, पंजांवर, कानांवर लावत राहा, आणि पंखा चालूच. इथे केस कातडीपर्यंत भिजू द्या, पण नाकातोंडावर पाणी नको. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. तो मिनिटभरात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. शुद्धीवर असेल आणि स्वतः पीत असेल तर वाटी पुढे करा. थर्मामीटर असेल आणि गुदद्वारातून ताप बघायची सवय असेल तर साडेएकोणचाळीसला पाणी थांबवा, नाहीतर ते जास्तच गार पडतं. दहा मिनिटं हे करून लगेच निघा, वाटेत रिक्षाच्या दोन्ही बाजू उघड्या.

मांजर उठून बसलं, चाटायला लागलं, तरी डॉक्टरला दाखवायचंच. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर झालेला परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. यासाठी डॉक्टर मार्चमध्येच शोधून ठेवा. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुरांचा असतो. तिथे मांजर बघतात का, किती वाजेपर्यंत, आणि नसतील तर जवळ कोण बघतं, हे आधी जाऊन विचारा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा मोफत क्रमांकही लिहून ठेवा.

घरी आणल्यावर दोन दिवस ट्रे तपासत राहा. लघवी झाली का, किती झाली, रंग कसा. चहासारखी किंवा लालसर दिसली, शौचाला रक्त आलं, अंगावर जांभळे ठिपके उठले, तर रात्र असली तरी पुन्हा निघा.